‘चालकाचा ताबा सुटला’ म्हणजे नेमकं काय?

उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या भागातल्या वर्तमानपत्रांत एक वाक्य ठरलेलं असतं. ‘चालकाचा ताबा सुटल्याने उसाने भरलेली ट्रॉली उलटली.’ कधी दुचाकीवर, कधी रस्त्याकडेच्या चरीत, कधी टपरीवर. मेसमध्ये पोह्यांची वाट बघत आपण ते वाचतो, ‘हे ट्रॅक्टरवाले ना, टेप लावून सुसाट सुटतात’ असं म्हणतो आणि पान उलटून क्रिकेटकडे वळतो. बातमी खोटी नसते. पण त्या वाक्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे ताबा आधी चालकाकडे होता. माझं म्हणणं असं आहे की पुष्कळदा तो त्याच्याकडे नसतोच. ट्रॉली ज्या ठिकाणी अडकवली आहे, त्या भोकाच्या उंचीने तो आधीच काढून घेतलेला असतो.

मित्रमैत्रिणींनो, हे लिहिणारी मी मेकॅनिकलची, तिसऱ्या वर्षाची. शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे माझं मराठी घरचं आणि वर्कशॉपमधलं असं मिसळीसारखं आहे, ते तसंच गोड, नव्हे तिखट मानून घ्या. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या गेटसमोरचा आहे. हंगामात रात्री अकराच्या चहाला बाहेर पडणारा प्रत्येक होस्टेलाइट त्या ट्रॉल्यांच्या रांगेशेजारून चालतो. आपले सर आणि मॅडम स्कूटरवरून त्यांना ओव्हरटेक करतात. म्हणजे हा विषय पेपरात दहा मार्कांना आला नाही तरी आपल्याला लागू आहेच.

तर हिच. हिच म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा तो लोखंडी जबडा. त्यात ट्रॉलीची दांडी घालायची आणि वरून पिन टाकायची. जमिनीपासून त्या जबड्याच्या मध्यापर्यंत जे अंतर भरतं ती हिचची उंची. इतकी साधी गोष्ट. ही उंची किती असावी हे कोण ठरवतं, असं मी दोन-चार जणांना विचारलं, तर सगळ्यांचं उत्तर एकच आलं: वेल्डर.

आता जरा परदेशात जाऊन येऊ, व्हिसा लागणार नाही. माझी मावशी ऑस्ट्रेलियात असते. तिकडे सुट्टीत गाडीच्या मागे कॅम्पर ट्रेलर लावून फिरायला जायची पद्धत आहे. कॅम्पर ट्रेलर म्हणजे चाकांवरची छोटी खोली समजा, उघडली की तंबू आणि स्वयंपाकाचा ओटा. काकांनी तो घेतला तेव्हा पहिल्या दिवशी घरासमोर काय चाललं होतं ते मी व्हिडिओ कॉलवर बघत होते. सपाट जागा शोधून आधी ट्रेलर अगदी आडवा उभा केला, पाणसळ लावून. मग जमिनीपासून त्याच्या दांडीच्या तोंडापर्यंतची उंची मोजली. मग गाडीत सगळं सामान भरलं, माणसं बसवली, कारण भरलेली गाडी मागे बसते आणि मोकळ्या गाडीवर घेतलेलं माप उपयोगाचं नसतं. मग गाडीच्या हिचची उंची मोजली. दोन्हींत जेवढा फरक येईल तेवढाच वर किंवा खाली वाकवलेला जोड विकत मिळतो, तो आणून बसवला. आणि जोडल्यावर परत पाणसळ! मी तेव्हा हसले होते. मावशी म्हणाली, ‘हसू नकोस, इथे सगळे असंच करतात.’

सगळे असं का करतात? ट्रेलरचं नाक वर राहिलं तर आतलं वजन मागे सरकतं, दांडीवरचं ओझं कमी होतं आणि वेगात ट्रेलरची शेपटी डावी-उजवी हलायला लागते. एकदा हलायला लागली की आवरणं कठीण. नाक खाली गेलं तर गाडीची मागची बाजू दबते, पुढची उचलते, स्टिअरिंग हलकं लागतं, आणि रात्री हेडलाइट रस्ता सोडून झाडांवर पडतात. म्हणून ट्रेलर आडवाच हवा, आणि एकूण वजनाच्या साधारण १० टक्के ओझं दांडीवर हवं, असा तिकडचा ढोबळ नियम. अमेरिकेत तो १० ते १५ टक्के सांगतात.

हे सगळं दीड-दोन टनांच्या सहलीसाठी. आपल्याकडे सोळा-सोळा टन ऊस जातो त्या जोडणीला टेप लावायची कुणाला गरज वाटत नाही. तिकडचे लोक फार शहाणे आणि आपले अडाणी असं मला अजिबात म्हणायचं नाही. (त्याबद्दल पुढे दगडाची गोष्ट येणार आहे.) पण तिकडे उंची बदलता येणारा जोड दुकानात मिळतो आणि तो कसा निवडायचा हे छापून मिळतं. आपल्याकडे ना तो जोड दुकानात टांगलेला दिसतो, ना कुणी काही छापून देतं.

आता थोडं गणित. घाबरू नका, फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सच्या पलीकडचं काही नाही. बलं मी न्यूटनऐवजी किलोत लिहिते आहे, सरांनी या एका लेखापुरती सूट द्यावी.

समजा ट्रॅक्टर २००० किलोचा आहे. सपाटीवर एकटा उभा असताना पुढच्या चाकांवर ८०० आणि मागच्या चाकांवर १२०० किलो येतात. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर २ मीटर. मागे दोन ट्रॉल्या, ऊस धरून एकूण १६ टन. रस्ता डांबरी, चढ २५ ला १. चढासाठी ४ टक्के आणि चाकांच्या रोधासाठी २ टक्के धरले तर ओढ होते ९६० किलो, म्हणजे हजारच धरू. ही हजार किलोची ओढ हिचवर मागच्या दिशेने लागते. मागच्या टायरखालच्या बिंदूभोवती मोमेंट घ्या. पुढच्या चाकांवरून जेवढं वजन उचललं जातं ते म्हणजे ओढ गुणिले हिचची उंची, भागिले व्हीलबेस. हिच ५० सेंटिमीटरवर असेल तर २५० किलो. हिच ८० सेंटिमीटरवर असेल तर ४०० किलो.

इथे एक गैरसमज आहे, तो आपल्या वर्गातही आहे म्हणून थांबते. ‘हिच मागच्या अ‍ॅक्सलच्या खाली असली की पुढचं चाक उचलतच नाही’ असं पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. उचलतं. कमी उचलतं, एवढंच. इंजिनचा टॉर्क मागच्या अ‍ॅक्सलवर लागतो तेव्हा त्याची प्रतिक्रिया ट्रॅक्टरचं नाक वर उचलते. हिच अ‍ॅक्सलच्या खाली असेल तर ट्रॉलीची ओढ तेच नाक खाली दाबायला बघते. दोन्हींची वजाबाकी केली की अ‍ॅक्सलची उंची समीकरणातून निघून जाते आणि उरते फक्त जमिनीपासून हिचपर्यंतची उंची. कागदावर एकदा करून बघा, दोन ओळींत सुटतं आणि फार बरं वाटतं. मात्र हिच अ‍ॅक्सलच्याही वर नेली तर ओढ नाक खाली दाबायचं सोडून टॉर्कलाच सामील होते. चाक चिखलात रुतून फिरायचं थांबलं आणि ड्रायव्हरने क्लच सोडला तर सगळा ट्रॅक्टरच अ‍ॅक्सलभोवती मागे फिरतो. त्याला दीड-दोन सेकंदही लागत नाहीत. काय होतंय हे कळून पाय क्लचवर जाईपर्यंत ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर. म्हणून रुतलेली ट्रॉली काढताना साखळी वर टॉप लिंकच्या जागी बांधू नका, असं ट्रॅक्टरबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक ट्रॅक्टर घेतला त्या दिवशी पेढ्यांच्या बॉक्सबरोबर घरात जातं आणि तिथेच राहतं.

आता दांडीवरचं ओझं. चार चाकी ट्रॉली आपलं वजन आपल्या चाकांवर पेलते. दोन चाकी ट्रॉली मात्र थोडं ओझं दांडीतून ट्रॅक्टरच्या हिचवर टाकते. हे ओझं ५०० किलो आणि हिच मागच्या अ‍ॅक्सलपासून ६० सेंटिमीटर मागे, असं धरलं तर पुढच्या चाकांवरून आणखी १५० किलो उचलले जातात. मग बेरीज-वजाबाकी अशी होते: हिच ५० सेंटिमीटरवर असताना पुढे उरतात ४०० किलो आणि ८० सेंटिमीटरवर असताना २५० किलो. स्टिअरिंग नीट लागायला ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के वजन पुढच्या चाकांवर हवं, असा नियम सर्वत्र सांगतात. आपल्या ट्रॅक्टरला ते होतं ४०० किलो. म्हणजे पहिला ट्रॅक्टर जेमतेम पास. दुसरा केटी.

आणि हे सगळं एकसारख्या ओढीला. गतिरोधकाशी थांबून परत सुटताना क्लच जरा झटक्यात सुटला आणि ओढ क्षणभर दुप्पट झाली, असं धरा. पहिल्याच्या पुढच्या चाकांवर १५० किलो उरतात, तो डगमगतो पण जमिनीवर असतो. दुसऱ्याचं उत्तर येतं उणे १५०. उणे म्हणजे चाकं हवेत. त्या क्षणी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जाणार, कारण वळवायला जमिनीवर काही टेकलेलंच नाही. समोर दुचाकी असो नाहीतर टपरी. दुसऱ्या दिवशी बातमी काय येते ते वर लिहिलंच आहे.

असा ट्रॅक्टर चालवणारे लोक चालवतात कसा, तर ब्रेकवर. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात, शेतात झटकन वळायला. रस्त्यावर ते पट्टीने एकत्र जोडून टाकायचे असतात. पण पुढची चाकं तरंगत असली की ड्रायव्हर ती पट्टी काढतो आणि डावा-उजवा ब्रेक मारत ट्रॅक्टर वळवतो. या कसरतीच्या रील आपल्या फ्लोअरवर सगळ्यांनी बघून झाल्यात, वर ‘कडक ड्रायव्हर’ अशा कॉमेंट करून झाल्यात. कडक आहेच तो, वाद नाही. पण हे कसब त्याच्यावर लादलेलं आहे.

जानेवारीत गेटसमोर एक जोडगाडी पंक्चर होऊन उभी होती. माझ्या सॅकमध्ये ड्राफ्टरबरोबर तीन मीटरची टेप असते. हिच मोजली तर ७६ सेंटिमीटर. जबड्याखाली नवीन प्लेट टाकून तो वर घेतलेला, वेल्डिंगची शिवण अजून काळी. ड्रायव्हर मामा बीडकडचे, टायरवर बसून तंबाखू मळत होते.

‘मामा, हे एवढं वर कुणी लावलं?’

‘वेल्डिंगवाल्यानं. सरीत दांडी घासत व्हती, ताई. मालक म्हनले वर घ्या. घेतली.’

‘मग पुढचं चाक उचलत नाही का?’

‘उचलतं की. म्हनून तर त्यो दगड ठिवलाय.’

पुढच्या बंपरवर तारेने बांधलेला एक काळा दगड होता. किती किलोचा, विचारलं. ‘दोघांनी उचलावा एवढा,’ मामा म्हणाले, आणि माझ्याकडे टेप आहे म्हणून मागच्या टायरमध्ये राहिलेली ट्रेड किती ते मोजून सांगता का, असं विचारलं. ते मात्र मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हा दगड मला त्या दिवसापासून पुरतो आहे. कारण तो अडाणीपणा नाही, ते इंजिनिअरिंगच आहे. पुढच्या अ‍ॅक्सलच्या ६० सेंटिमीटर पुढे १०० किलो ठेवले तर पुढच्या चाकांवर १३० किलो वाढतात. शंभराचे एकशेतीस, कारण पुढे लटकणारं वजन मागच्या चाकांवरूनही ३० किलो उचलून आणतं. मामांनी हे समीकरण लिहिलं नसेल, पण त्याचं उत्तर त्यांनी तारेने बांधून ठेवलं होतं. ट्रॅक्टर कंपन्याही पुढे लावायला ओतीव वजनं देतात ती याचसाठी. पण दगड हिचची चूक भरून काढतो तो पुढचा अ‍ॅक्सल, बेअरिंग आणि स्टिअरिंगचे सांधे झिजवून. आणि परत येताना, ट्रॉल्या रिकाम्या असताना, ते वजन उगाच पुढे लोंबतं. शिवाय गचका बसून तार तुटली तर? मागून येणाऱ्या स्कूटरचा विचार करा.

मालकाची बाजूही ऐकायला हवी, कारण हिच वर घ्यायला त्याच्याजवळ कारणं आहेत आणि ती खोटी नाहीत. ऊस रस्त्यावर पिकत नाही. सरी-वरंब्यातून, पाटावरून, बांधावरून ट्रॉली बाहेर काढायची असते. तिथे खाली असलेली दांडी माती नांगरत येते. ट्रॉलीला ट्रकचे मोठे टायर घातले की ती मुळातच उंच होते आणि दांडी वर जाते. एकाच ट्रॉलीला आज एक ट्रॅक्टर, उद्या दुसरा. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे वर अडकवल्याने मागच्या चाकांवर वजन येतं आणि चाकं जागच्या जागी फिरत नाहीत, हे खरंच आहे. पुढून उचललेले ४०० किलो हवेत जात नाहीत, ते मागच्या टायरवर येतात आणि पकड वाढवतात. म्हणजे जी गोष्ट शेतातून बाहेर काढते तीच रस्त्यावर मारते. शेतात ताशी चार-पाच किलोमीटरने चालताना हा सौदा कदाचित परवडत असेल. पण शेत संपतं आणि हिच तीच राहते. पुढचे वीस-पंचवीस किलोमीटर डांबरी रस्ता, त्यात एखादा चढ आणि एखादा उतार.

उताराचं कुणी बोलतच नाही. चढावर ट्रॉली मागे ओढते, उतारावर ती पुढे ढकलते. मी जवळून पाहिलेल्या एकाही ट्रॉलीला ब्रेक नव्हता. आपल्या साध्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना. आता तेच सूत्र उलटं लावा. हजार किलोचा रेटा ८० सेंटिमीटरवर लागला तर मागच्या चाकांवरून ४०० किलो उचलून पुढे जातात. म्हणजे ज्या चाकांना ब्रेक आहे त्यांचीच पकड कमी! ब्रेक मारला की ती चाकं घसरतात, मागची ट्रॉली तिरकी रेटत राहते आणि हात कोपरात दुमडावा तसा ट्रॅक्टर ट्रॉलीवर दुमडतो. चढावर हिचची उंची स्टिअरिंग काढून घेते, उतारावर ब्रेक. चालकाकडे मग उरतो हॉर्न. आणि टेप.

तिरक्या ट्रॉलीचं प्रकरण आपल्या लोकांना नवीन नाही. माझे आजोबा बैलगाडीच्या जमान्यातले. ते म्हणायचे की गाडी भरणं हे हाकण्यापेक्षा अवघड काम. मागे जास्त भरली तर उलाळते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलायला बघतं. पुढे जास्त भरली तर जुवावर ओझं येतं आणि बैलाची मान सोलते. ‘उलाळ’ हा शब्द मला फार आवडला. काका ऑस्ट्रेलियात पाणसळ लावून जे टाळत होते त्याला आपल्याकडे आधीपासून नाव होतं. बैल सांगत होता म्हणून गाडीवान ऐकत होता. ट्रॅक्टरची मान सोलत नाही.

ट्रॉली वाकडी राहिल्याने किती फरक पडतो, तर दोन चाकी ट्रॉलीचं एक उदाहरण. चाकांपासून दांडीच्या टोकापर्यंत साडेतीन मीटर, वजन ८ टन, आणि उसाच्या ढिगाचा गुरुत्वमध्य चाकांच्या अ‍ॅक्सलपासून पावणेदोन मीटर वर. दांडी १५ सेंटिमीटर वर अडकवली की तो गुरुत्वमध्य साडेसात सेंटिमीटर मागे सरकतो आणि दांडीवरचं ओझं सुमारे १७० किलोने कमी होतं. पंधरा सेंटिमीटर म्हणजे आपली कंपासमधली पट्टी. एका पट्टीभर फरकाने दोन-तीन माणसांचं वजन इकडून तिकडे. उसाची मोळी उंच रचतात म्हणून हे एवढं होतं. तेवढ्याच वजनाची वाळू असती तर गुरुत्वमध्य खाली राहून फरक कमी पडला असता.

माझा राग वेल्डरवर नाही. त्याला कुणी उंची सांगितली नव्हती, ‘वर घे’ एवढंच सांगितलं होतं. मालकावरही फारसा नाही, त्याच्या डोक्यावर ट्रॅक्टरचा हप्ता आहे आणि पैसे टनावर मिळतात. पण बघा, दांडी किती उंच बनवायची हे ट्रॉली बांधणाऱ्याने ठरवलं. टायर कुठले घालायचे ते मालकाने. हिच किती वर न्यायची ते वेल्डरने. या तिघांपैकी कुणीही रात्री दोन वाजता तो ट्रॅक्टर चालवत नसतो. चालवतो तो चौथा, हंगामापुरता आलेला, आणि नाव त्याचं छापून येतं. कधी कधी ट्रॉलीत उसावर ऊसतोडणीवाली बायकामुलं बसलेली असतात. त्यांची तर नावंही छापून येत नाहीत, ‘अन्य चार जखमी’ एवढंच.

माझा राग आहे तो आपल्यावर. या रस्त्याला लागून एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्यात मेकॅनिकलचं डिपार्टमेंट आहे, आणि दर वर्षी आपण ऑटोमोबाईलच्या पेपरात मोटारगाडीला ब्रेक लावल्यावर वजन पुढे किती जातं ते सोडवतो. ज्यात गाडी एकटी असते. मागे काही अडकवलेलं असलं तर काय, हा प्रश्न मी सोडवलेल्या जुन्या पेपरांत मला सापडला नाही. बाहेर मात्र पाच महिने तोच प्रश्न चालू असतो, उत्तर चुकलं तर माणूस जातो. फायनल इयरला आपण ओला कचरा ओळखणारे डबे बनवतो. छान आहेत, दोन डबे कॅन्टीनमध्ये अजून उभे आहेत, कुलूप लावून.

मला सुचतं ते असं. एक, उंची बदलता येणारा हिच. जाड उभ्या प्लेटला ठरावीक अंतरावर भोकं आणि जबडा बोल्टने वर-खाली करता येईल असा. शोध वगैरे काही नाही, काही ट्रॅक्टरांना कंपनीतूनच तसा येतो. शेतात वर, रस्त्यावर लागताना खाली. दांडीच्या टोकाचा डोळाही तसाच बोल्टचा केला तर खाली घेतल्यावरही ट्रॉली आडवी ठेवता येईल. बोल्ट कुठल्या ग्रेडचे, प्लेट किती जाड, वेल्ड कुठे द्यायचा आणि कुठे अजिबात द्यायचा नाही, हे काढायला आपल्याकडे मशीन डिझाइन नावाचा विषय आहे. ड्रायव्हर म्हणेल, रोज कोण बोल्ट खोलत बसतं? बरोबर म्हणेल. म्हणून तो पिनचा, मिनिटभरात बदलणारा असला पाहिजे, आणि तेच त्या प्रोजेक्टमधलं अवघड काम आहे. पिनला क्लिप आणि जोडीला साखळी हे सांगायलाच नको, तरी सांगते, कारण मी पिनच्या जागी सळईचा तुकडा पाहिला आहे.

दुसरं काम बिनखर्चाचं आहे. पुढच्या चाकांवर किती वजन आहे हे कळायला सेन्सर लागत नाही. प्रत्येक साखर कारखान्यात वजनकाटा असतो, भरलेली गाडी त्यावरून गेल्याशिवाय ऊस उतरत नाही. आज तो फक्त ऊस मोजतो. काट्यावर चढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं आधी येतातच. तेव्हाच क्षणभर थांबायचं आणि आकडा वाचायचा. वरच्या उदाहरणातल्या ट्रॅक्टरला तिथे उभ्याने निदान ६५० किलो दिसायला हवेत, कारण चढावरची ओढ ५० सेंटिमीटरच्या हिचला त्यातून २५० नेणार आणि ४०० उरले पाहिजेत. हिच ८० वर असेल तर ८०० दिसायला हवेत. प्रत्येक मॉडेलचा आणि हिचच्या उंचीचा एक तक्ता काढून काट्याच्या खिडकीला चिकटवणं हे आपल्या पाच-सहा जणांचं दोन शनिवारांचं काम आहे. मोठ्या काट्यावर दहा-वीस किलो इकडेतिकडे होतील, इथे तेवढं चालतं.

काटेवाला म्हणेल, मागे रांग लागते. रांग आत्ताही असते. ट्रॉल्या तिथे रात्र-रात्र उभ्या असतात, ड्रायव्हर खाली चादर टाकून झोपतात. गाडीमागे दहा सेकंद वाढतील.